पिशवीवर तास लिहा: काम्पानिया आणि पुल्यातल्या ताज्या चीजच्या नोंदी

सोमवार, 14 ऑक्टोबर 2024, नेपल्स

कामाची व्याप्ती आधी ठरवून घेतली. विषय फक्त दक्षिण इटलीतल्या काम्पानिया आणि पुल्या या प्रांतांतल्या ताज्या चीजचा: म्हशीच्या दुधाचा मोझरेला, गाईच्या दुधाचा मोझरेला (इकडे त्याला फिओर दि लाते म्हणतात), रिकोटा आणि बुराता. मुरवलेली चीजं यात धरलेली नाहीत. शोधायचंय ते इतकंच, की चांगला माल ओळखायचा कसा आणि हातात आल्यावर तो न बिघडवता खायचा कसा.

सामान: सुईच्या टोकाचा थर्मामीटर, 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, आम्लता मोजणारा पीएच मीटर आणि न पुसणारा मार्कर. मार्कर सगळ्यात महत्त्वाचा. चीज गरम पाण्यात ताणून गोळे तोडले ती वेळ प्रत्येक पिशवीवर लिहायची. नोंदीत 'ता+8' असेल तर ताणल्याला आठ तास झाले असं समजायचं. एक्स्पायरीची तारीख उतरवून घ्यायची, पण चवीच्या हिशोबात धरायची नाही.

आज फक्त लेबलं वाचली. सुपरमार्केटच्या एकाच फ्रीजमध्ये तीन पिशव्या शेजारी शेजारी होत्या आणि तिन्हींवर म्हशीचं चित्र.

पहिली, 'मोझरेला दि बुफाला काम्पाना'. 'काम्पाना' हा शब्द आणि लाल-पिवळा डीओपी शिक्का (ठरलेल्या प्रदेशातच बनल्याची युरोपीय खूण) दोन्ही हवेत. या नावाला 1996 पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. दूध शंभर टक्के म्हशीचं, फॅट किमान 7.2 टक्के, प्रथिनं किमान 4.2 टक्के, धार काढल्यापासून 60 तासांच्या आत वापरलेलं. काझेर्ता आणि सालेर्नो हे जिल्हे पूर्ण, शिवाय आजूबाजूच्या जिल्ह्यांचे काही भाग, एवढ्याच पट्ट्यात बनलेलं.

दुसरी, नुसती 'मोझरेला दि बुफाला'. दूध म्हशीचंच, पण कुठलंही. गोठवलेल्या दुधाचंही असू शकतं. तिसरीवर 'कोन लाते दि बुफाला'. यातला 'कोन' म्हणजे 'च्यासह'. घटकांच्या यादीत पहिलं नाव गाईच्या दुधाचं निघालं. किमतीतला फरक बघून हीच पिशवी उचलली जाते, म्हणून तो 'कोन' लक्षात ठेवलेला बरा.

घटकांच्या यादीत 'आचिदो चित्रिको', म्हणजे सायट्रिक ॲसिड, दिसलं की पिशवी खाली ठेवायची. त्यात काही अपायकारक नाही. पण तिथे विरजणाचं काम ॲसिडने उरकलेलं असतं. दूध काही मिनिटांत ताणण्याजोगं होतं, चवीला वेळच मिळत नाही. खाताना दूध लागतं आणि त्यापुढे काहीच लागत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: डीओपी मोझरेलात वासराच्या जठरातलं रेनेट (दूध जमवणारा पदार्थ) असतं, नियमातच तसं आहे. रिकोटात वेगळं रेनेट घालत नाहीत, पण तो त्याच चीजच्या निवळीतून, म्हणजे दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्यातून येतो. मास्कारपोने हे मलईदार चीज मात्र साय आणि आम्लावर जमतो, रेनेटशिवाय.

मंगळवार, 15 ऑक्टोबर, आवेर्सा

इटलीत दुकानदाराला ताजा मोझरेला बंद पिशवीतूनच विकावा लागतो. सुटा मिळतो तो फक्त जिथे बनतो त्या डेअरीच्या काउंटरवर. डेअरीला 'काझेइफीचो' म्हणतात आणि वेळ विचारायची सोयही तिथेच. प्रश्न साधा ठेवला: आजचा आहे का, किती वाजता तोडला? उत्तर चटकन आलं की काउंटर विश्वासाचा.

साडेसहाला तोडलेले गोळे नऊला घेतले. 250 ग्रॅमचे चार आणि 500 ग्रॅमचा एक. या अर्ध्या किलोच्या गोळ्याला गावाच्या नावावरून 'आवेर्साना' म्हणतात. एका बंद पिशवीवर लॉट होता एल 288. 2024 लीप वर्ष, त्यातला 288 वा दिवस 14 ऑक्टोबर, म्हणजे माल कालचा. सगळ्या डेअऱ्या अशी पद्धत ठेवत नाहीत, पण तीन आकडी लॉट दिसला की दिवस मोजून पाहावा.

ता+3: साल गुळगुळीत आणि चकचकीत, रंग चिनी मातीसारखा पांढरा. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसतं, त्यामुळे पिवळट झाक येत नाही. ती दिसली तर गाईचं दूध. कापल्यावर आत कांद्यासारखे पातळ पापुद्रे. दाताला करकरतो. चव अजून बंद आहे, मीठ बाहेरच्या थरातच जाणवतं. पाहुण्यांना दाखवायला छान, खायला लवकर.

ता+10: सुरीने कापताच दुधाळ पाणी ताटात पसरलं. पापुद्रे अजून आहेत पण एकमेकांत विरघळायला लागलेत. मीठ आतपर्यंत पोचलंय, मागून किंचित आंबूस चव आणि ओल्या रानासारखा वास येतो. हाच तास.

आवेर्साकडचा माल थोडा खारट आणि घट्ट, दक्षिणेला बात्तिपाल्याकडचा सौम्य आणि मऊ, असं इथे सगळे सांगतात. चार गोळ्यांवरून निकाल देणार नाही, पण आजचा तरी खारट होता.

बुधवार, 16 ऑक्टोबर, नेपल्स

ता+26 ला जोडी तपासली. एक गोळा रात्रभर स्वयंपाकघरात, खोली 20 अंश, स्वतःच्या पाण्यात बुडालेला. दुसरा फ्रीजमध्ये 4 अंशांवर, तसाच बुडालेला.

बाहेरचा मऊ, रसदार. फ्रीजचा थेट कापला तर रबर, आणि ताटात पाणी जवळजवळ नाही. थंडीत फॅट घट्ट होतं आणि वासही दबून जातो. म्हणून काल घेतलेला माल उद्यापर्यंत संपणार असेल तर तो फ्रीजमध्ये घालूच नये. खोली 25 अंशांच्या वर असेल तर मात्र घालावा. मुंबई-पुण्यात हा बाहेर ठेवायचा सल्ला वर्षातले दहा महिने लागू नाही.

पाण्याबद्दल. तिसऱ्या गोळ्याचं मूळ पाणी ओतून देऊन साध्या नळाच्या पाण्यात ठेवला होता. सकाळी साल बुळबुळीत, बोटाने सोलली जातेय. मूळ पाण्यात मीठ, आम्लता आणि कॅल्शियम यांचा तोल चीजच्या तोलाला जुळलेला असतो. साध्या पाण्यात मीठ आणि कॅल्शियम दोन्ही बाहेर येतात आणि साल विरघळते. पिशवी फुटलीच तर उकळून गार केलेलं पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ, आणि त्यात उरलंसुरलं मूळ पाणी. तेही एका रात्रीपुरतं.

गुरुवार, 17 ऑक्टोबर, पेस्तुम

नेपल्सहून प्रादेशिक रेल्वेने पेस्तुम. ग्रीक मंदिरं स्टेशनपासून चालत. डेअऱ्या कापाच्चोच्या सपाटीवर विखुरलेल्या, त्यांच्यासाठी गाडी हवी. बऱ्याच ठिकाणी काचेतून काम बघता येतं आणि ते बघायला सकाळीच जावं.

वाटेत गोठे दिसतात. इटालियन मेडिटरेनियन ही म्हैस 2000 साली स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. आपल्या मुऱ्हासारखीच नदी-प्रकारातली, पण शिंगं मुऱ्हासारखी गुंडाळलेली नसतात, कोयत्यासारखी मागे वळलेली असतात.

काम असं चालतं. दूध 36 अंशांच्या आसपास तापवतात. त्यात कालची निवळी घालतात. तिला 'सिएरो इन्नेस्तो' म्हणतात, पण मराठी माणसाला ते नाव पाठ करायची गरज नाही, ते विरजण आहे. प्रत्येक डेअरीचं विरजण वेगळं, म्हणून शेजारच्या दोन डेअऱ्यांची चव वेगळी. मग रेनेट. अर्ध्या तासात दूध खरवसासारखं थरथरायला लागतं. ते अक्रोडापेक्षा थोड्या मोठ्या तुकड्यांत फोडतात. तुकडे बारीक केले तर ओलावा निघून जातो आणि चीज कोरडं पडतं, म्हणून इथे हात आवरता घेतात.

त्यानंतर रेनेट घातल्यापासून साधारण पाच तास कर्ड, म्हणजे जमलेल्या दुधाचे हे तुकडे, निवळीखाली पडून राहतं. बाहेरून काहीच घडत नाही, पण आम्लता वाढते आणि प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम थोडंथोडं सुटतं. पीएच (आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) 4.9 च्या आसपास आला की कर्ड ताणलं जातं. 5.2 च्या वर असेल तर ताणताना तुटतं, 4.7 च्या खाली गेलं तर भुसभुशीत होऊन पाण्यात विरतं. काचेमागच्या माणसाकडे पीएच मीटर होता, पण त्याने तो वापरला नाही. मूठभर कर्ड गरम पाण्यात मऊ केलं, काठीवर टाकलं आणि खाली ओढलं. पडद्यासारखं न तुटता हातभर खाली आलं, मग मान हलवली. आमच्याकडच्या तुकड्याचा पीएच 4.92 भरला.

मग कर्डच्या पट्ट्या, त्यावर 95 अंशांचं पाणी, लाकडी काठी आणि वाडगा. काठीने उचलायचं, दुमडायचं, पुन्हा उचलायचं. सुरुवातीला फाटक्या फडक्यासारखं दिसतं. चार-पाच मिनिटांत चमक येते. शेवटी एकजण गोळा धरतो, दुसरा अंगठा आणि तर्जनीने चिमटा घेऊन तोडतो. या तोडण्याला 'मोझारे' म्हणतात, चीजचं नाव त्यावरूनच. हाताने तोडलेल्या गोळ्यावर चिमट्याची खूण राहते, यंत्राचा गोळा सगळीकडून सारखा. खूण म्हणजे चांगल्या चवीची हमी नव्हे, फक्त काम कसं झालं ते कळतं. तोडलेला गोळा आधी थंड पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात.

उतारा: 100 किलो म्हशीच्या दुधातून साधारण 24-25 किलो. गाईच्या दुधातून याच्या निम्म्याच्या आसपास. किमतीतला फरक इथून सुरू होतो.

हंगाम: म्हशी नैसर्गिकपणे शरद ऋतूच्या सुमाराला वितात, म्हणजे दूध थंडीत भरपूर. मागणी मात्र उन्हाळ्यात, समुद्रकिनाऱ्यावर गर्दी झाली की. आता ऑक्टोबरात काउंटरला घाई नव्हती आणि दूध ताजं होतं. निवड असेल तर जुलै-ऑगस्ट टाळून यावं.

दहाला तोडलेले पाच गोळे थर्मोकोलच्या डब्यात. डबा काउंटरवरच विकत मिळतो.

शुक्रवार, 18 ऑक्टोबर, नेपल्स

फ्रीजमधला मोझरेला खायच्या आधी 'पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा' असं प्रत्येक पिशवीवर आणि प्रत्येकाच्या तोंडी असतं. गोळा केवढा, हे कुणी सांगत नाही. म्हणून मोजलं. बंद पिशवीसकट, सुरुवातीला गाभा 5 अंश, पाणी 40 अंश आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा 40 वर आणलेलं.

50 ग्रॅम (बोकोन्चिनी): 10 मिनिटांत गाभा 19 अंश. झालं.
125 ग्रॅम: 10 मिनिटांत 9, 20 मिनिटांत 18.
250 ग्रॅम: 10 मिनिटांत 6. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. 20 मिनिटांत 12, 40 मिनिटांत 22.
500 ग्रॅम: 40 मिनिटांत 15, आणि तोवर बाहेरची साल मऊ पडून तूपकट.

गोळ्याचा व्यास दुप्पट झाला तर गाभ्यापर्यंत ऊब पोचायला चौपट वेळ लागतो, त्यामुळे पिशवीवरचा सल्ला फक्त लहान गोळ्यांना लागू पडतो. अर्ध्या किलोचा गोळा कोमट पाण्यात घालूच नये, तीन तास आधी बाहेर काढून ठेवावा. पाणी 45 च्या वर नेऊन घाई करायला गेलो तर साल चिकटायला लागली, आत गाभा थंडच. 250 ग्रॅमचा गोळा बाद.

खाताना: दोघांना 250 ग्रॅम. सुरीपेक्षा हाताने फाडलेला बरा, रस खडबडीत कडांत अडकतो. मीठ आधी चाखून मगच. टोमॅटो घेतला तर तो फ्रीजमधला नको, नाहीतर चाळीस मिनिटांची मेहनत एका फोडीने थंड होते. गोड बाल्सामिक सॉस ओतू नये. विरजणाची चव त्याखाली सापडत नाही.

शनिवार, 19 ऑक्टोबर

रिकोटा. शब्दाचा अर्थ 'पुन्हा शिजवलेला'. मोझरेलाच्या कर्डवरची गोड निवळी काढून 85-90 अंशांपर्यंत तापवतात, प्रथिनं कापसासारखी वर येतात, ती झाऱ्याने टोपल्यांत भरतात. म्हशीच्या रिकोटाला, 'रिकोटा दि बुफाला काम्पाना' या नावाने, 2010 पासून डीओपी आहे.

घरच्या पनीरच्या पाण्यातून रिकोटा काढू पाहणाऱ्यांसाठी: निघणार नाही. पनीर करताना दूध आधीच उकळीपर्यंत जातं, तेव्हा निवळीतली प्रथिनं केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटून पनीरमध्येच येतात. राहिलेलं पाणी पोळ्यांची कणीक भिजवायला उत्तम, पण त्यात रिकोटा उरलेला नसतो. रेनेटने, 40 अंशांच्या खाली जमवलेल्या दुधाचीच निवळी लागते आणि तीही त्याच दिवशीची. आंबली की गाळ खाली बसतो, वर येत नाही.

घ्यायचा तो सकाळी, टोपलीतून अजून पाणी ठिबकतंय असा. 3 तासांचा कोमट रिकोटा चमच्याने, वर काही न घालता. दुसऱ्या दिवशी मधाबरोबर. तिसऱ्या दिवशी पास्त्यात. चौथ्या दिवशी वास घेऊन ठरवावं. टोपलीत साचलेलं पाणी रोज काढून टाकायचं. रिकोटा त्यातच बुडून राहिला की खालून आंबतो.

रविवार, 20 ऑक्टोबर

डेअऱ्यांचे काउंटर दुपारी बंद. घरच्या ओव्हनमध्ये पिझ्झा.

नेपल्सच्या भट्टीत पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो, तिथे ओला मोझरेला चालतो. घरच्या 250 अंशांच्या ओव्हनला 7-8 मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पिझ्झ्यावर तळं होतं. ता+74 चा 250 ग्रॅमचा गोळा दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापला, चाळणीत, फ्रीजमध्ये चार तास. 34 ग्रॅम पाणी निघालं. तो शेवटच्या दोन मिनिटांत घातला. तळ कोरडा राहिला. तरी पिझ्झ्याला फिओर दि लातेच घ्यावा, पाणी कमी सोडतो आणि स्वस्तही पडतो. बुफाला तापवून खाण्यात पैसे जातात.

(भारतात पिझ्झ्यासाठी मिळणारा 'मोझरेला'चा ठोकळा हा मुद्दाम कमी ओलाव्याचा, महिनोन्‌महिने टिकणारा वेगळा प्रकार आहे. त्याची या गोळ्याशी तुलना करू नये, दोघांवरही अन्याय होतो.)

सोमवार, 21 ऑक्टोबर, आंद्रिया

पुल्यातलं मुर्जेचं पठार. बुराता इथला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, दूध गाईचं. 'बुराता दि आंद्रिया' या नावाला 2016 पासून आयजीपी आहे, म्हणजे डीओपीसारखंच पण थोडं सैल संरक्षण.

मोझरेला करून उरलेले तुकडे हाताने तंतू-तंतू फाडतात, सायीत घालतात. हे सारण म्हणजे 'स्त्राचातेल्ला'. ताणलेल्या गरम कर्डची पिशवी करून त्यात ते भरतात आणि वर गाठ मारतात. मूळ कल्पना उरलंसुरलं खपवण्याची. पूर्वी वर अस्फोदेल या रानवनस्पतीची पानं गुंडाळत. पान हिरवं असेपर्यंत बुराता ताजा, वाळलं की शिळा. आता बऱ्याचदा त्या पानाच्या आकाराचं हिरवं प्लास्टिक असतं, जे कधीच वाळत नाही.

तीन काउंटरवरून प्रत्येकी 200 ग्रॅमचा एक. तपासणी अशी: खोलगट ताटलीत ठेवून गाठीजवळ चीर द्यायची. पहिल्यात (ता+5) साय दाट, पण वाहती, तंतू बोटभर लांब आणि दाताला जाणवणारे. दुसऱ्यात (ता+7) तंतू नव्हतेच, चक्क्यासारखा एकजीव लगदा. तुकडे यंत्रात बारीक केले की असं होतं. तिसरा फ्रीजमधून थेट आला होता, साय लोण्यासारखी घट्ट. तासाभराने तोच पुन्हा चाखला तर पहिल्याच्या तोडीचा निघाला. घाईने शिक्का मारणार होतो.

बुराताला मोझरेलापेक्षा तास कमी असतात, कारण साय आधी बिघडते. पहिला दिवस उत्तम, 48 तासांनंतर सारणाला कडवट-आंबट वास येतो, बाहेरची पिशवी मात्र तशीच गोरीगोमटी दिसते. म्हणून बाहेरून ओळखू येत नाही. दोघांना 200 ग्रॅम पुरे. वर इथल्या कोरातिना जातीच्या ऑलिव्हचं तेल, चमचाभर. त्याचा कडूपणा सायीला आवरतो. पिझ्झ्यावर घालायचाच तर भट्टीतून काढल्यावर.

मंगळवार, 22 ऑक्टोबर, नेपल्स

फ्रीजमध्ये पेस्तुमचा शेवटचा 250 ग्रॅमचा गोळा, ता+123, स्वतःच्या पाण्यात. पापुद्रे संपलेत, आत सगळं मलईसारखं, आंबटपणा पुढे आलाय. नुसता खायला नको, फेकायलाही नको. 'इन कारोत्सा', म्हणजे बग्गीत बसवून तळायचा, त्यासाठी याच वयाचा लागतो. ताजा असला तर पाणी सोडून कढईत उडतो.

1 सेंटिमीटरचे काप, दोन तास चाळणीत, मग फडक्याने टिपून. कडा काढलेल्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये एक काप, कडेने बोटभर जागा सोडून. कडा मैदा आणि पाण्याच्या पेस्टने बंद. बाहेरून मैदा, मग 2 अंडी आणि 30 मिली दूध. तेल 170-175 अंश, एका बाजूला दोन मिनिटं. पहिला नग 160 ला टाकला, तेल प्यायला. दुसऱ्याची एक कड नीट दाबली नव्हती, चीज बाहेर पडलं आणि कढईभर फेस आला. तिसऱ्यापासून जमलं.

गोळ्यातून पाच नग झाले. पिशवीतलं उरलेलं पाणी 140 मिली. उद्याच्या ब्रेडच्या पिठात घातलं, मीठ त्या हिशोबाने कमी.